मदत हवी आहे: पीएम किसानचा हप्ता 'जमा' दाखवतोय, पासबुकात मात्र काहीच नाही

नमस्कार मंडळी, वडिलांसाठी विचारतोय. मी चाकणला कंपनीत, ते गावी, बार्शी तालुक्यात. तीन एकर कोरडवाहू, सातबारा आणि आठ-अ त्यांच्याच नावावर. २०१९ ला पीएम किसान सुरू झाली तेव्हापासून दर चार महिन्यांनी २,००० रुपये तालुक्याच्या बँकेतल्या खात्यात येत होते.

मागचे तीन हप्ते आलेच नाहीत. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसेही नाहीत, पण ते केंद्राच्याच यादीवरून वाटतात म्हटल्यावर नवल नाही.

पोर्टलवर बघितलं तर ई-केवायसी (ओळख पडताळणी): होय. लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं): होय. आधार-बँक सीडिंग (खात्याला आधार जोडणं): होय. हप्तेही जमा! फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढून झालाय. केवायसीला अंगठा उठत नव्हता (आयुष्यभर खुरपं धरलेला हात, रेषा राहणार कुठून), शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून केली.

बँकवाले म्हणतात वरून आलं नाही, कृषी सहायक म्हणतात इथून गेलंय, बँकेत विचारा. वडील दर बाजाराच्या दिवशी पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून एसटीने जातात, एंट्री मारून घेतात आणि परत येतात. शेवटच्या पानावर नुसती व्याजाची ओळ आहे. अजून कुठला कागद राहिलाय का?

कोरडवाहू (ग्रुपवरचे एक दादा): कागद काही राहिला नाही. हा पैसा आता खातेनंबरवर पडत नाही, आधारवर पडतो. एका माणसाची चार खाती आधारला जोडलेली असली तरी सरकारी पैसा एकाच बँकेत जातो, एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत शेवटी जिचं नाव चढलं तिच्यात. 'माय आधार'च्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव दिसेल. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तेव्हा फोन वडिलांजवळ हवा. मध्यंतरी कुठे नवीन खातं उघडलंय का त्यांनी?

मी: नाही हो, एकच खातं आहे त्यांचं.

मी: दादा, बघितलं. भलत्याच बँकेचं नाव आलं! वडिलांना फोन लावला तर म्हणाले, 'यात्रेत छत्रीखाली पोरगं बसलं होतं, सिमकार्ड फुकट म्हणालं, दोनदा अंगठा घेतला.' तेव्हा उठला बरं का अंगठा. म्हणजे सिमबरोबर खातंही उघडलं असणार, आणि तीन हप्त्यांचे ६,००० तरी तिकडे पडून असणार. आता काढायचे कसे? पासबुक नाही, एटीएम नाही.

कोरडवाहू: त्या बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे आधार आणि अंगठ्यावर निघतील. नाही उठला तर शाखेत आधार घेऊन जा, खातेनंबर मागा. दुसरं काम जुन्या बँकेत: आधार सीडिंगचा फॉर्म भरा आणि तोंडी सांगा की डीबीटी (सरकारकडून थेट जमा होणारा पैसा) याच खात्यावर हवंय. नुसतं 'आधार लिंक करा' म्हणालात तर केवायसीला जोडून मोकळे होतात. पोच घ्या, आणि चार-आठ दिवसांनी स्टेटसमध्ये नाव बदललं का ते बघा. पुढचा हप्ता पडायच्या आत झालं पाहिजे.

मी: शनिवारी सुट्टी टाकून गावी जातोय, पण तो दुसरा शनिवार निघाला, बँक बंद. आता सोमवारचीही टाकतो. वडिलांना सांगितलंय, दोन दिवस खुरप्याला हात लावू नका आणि अंगठ्याला खोबरेल चोळा. प्रतिनिधीकडे अंगठा उठला तर इथे कळवतोच.