लाकडी सांध्यांसाठी प्लंज राऊटरच बघा
मॉर्टिस-टेननसाठी (एका लाकडात खाच म्हणजे मॉर्टिस, दुसऱ्याला त्यात बसणारी जीभ म्हणजे टेनन) छोटा ट्रिमर, म्हणजे लाकूड कोरायच्या राऊटर मशीनचा लहान प्रकार, पुरेल का असं विचारलंय, तर माझं मत स्पष्ट आहे, प्लंज बेसवालाच राऊटर घ्या, म्हणजे ज्यात मशीन बेसवर सरळ खालीवर सरकतं. मॉर्टिसमध्ये बिट (फिरणारं कापायचं पातं) वरून सरळ लाकडात उतरवावा लागतो आणि फिक्स्ड बेसवर मशीन तिरकं धरून तो घुसवायचा म्हणजे कड फाटते, हाताला धोका तो वेगळाच. कोलेट (बिटची दांडी पकडणारा भाग) १/२ इंची बघा, १/४ इंची दांडीचा लांब बिट थरथरतो आणि मॉर्टिसच्या भिंती खडबडीत येतात. स्पीड कंट्रोल हवाच, मोठे बिट कमी स्पीडवर चालवायचे असतात. पॉवर कितीही असू दे, एका दमात खोल जाऊ नका, ३-४ मिमी करत उतरा आणि मधेमधे भुसा काढत राहा. हो, घ्यायच्या आधी प्लंज खालीवर करून बघा, अडकत असेल तर सरळ नको म्हणा!