रस्त्याकडेच्या पट्टीत देशी झाडोरा लावावा का?

मूळ मत
पुण्यात रस्त्याकडेच्या पट्टीचे सुशोभीकरण म्हणजे बहुतेक वेळा हिरवळ, बोगनवेल आणि अलीकडे कोनोकार्पस हे परदेशी झाड. फुलपाखराला मध पुष्कळ फुलांत मिळतो. त्याच्या अळीचे मात्र ठरावीक झाडांवाचून भागत नाही. केशरी ‘प्लेन टायगर’ रुईच्या पानावर अंडी घालते. काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची तिची अळी त्या झाडाचे विष अंगात साठवते आणि पक्ष्यांना नकोशी होते. टाकळ्यावर पिवळ्या ‘ग्रास यलो’ची अळी वाढते, धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर हा चिमुकला पक्षी येतो. अशी चार-सहा देशी झाडे लावली, तर पाण्याच्या टँकरचा खर्चही पुष्कळ वाचेल.

प्रतिसाद 1 (विरोधी)
हेतू चांगला असला, तरी जागा चुकीची आहे. फुलपाखरे खालून उडतात आणि वाहनांवर आपटून मरतात. वन्यजीवांना बोलावून चाकांखाली देण्यात कसले संवर्धन? शिवाय रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. तोच पैसा वेताळ टेकडीवरची गिरिपुष्प या परदेशी झाडाची गर्दी विरळ करून तिथे मूळची झाडे वाढवण्यास वापरावा.

मूळ लेखकाचे उत्तर
भरधाव वाहतुकीच्या मार्गांसाठी आपला आक्षेप मला मान्य आहे; मी बोलतो आहे ते सोसायट्यांमधल्या, गतिरोधक असलेल्या रस्त्यांविषयी. शाळेजवळ रुई नको, हेही रास्तच. परंतु टेकड्या इमारतींनी वेढल्या गेल्या असताना त्यांच्यामधली ये-जा टिकवायची, तर वाटेत थोडा आसरा हवाच.

प्रतिसाद 2
लावण्यापेक्षा न कापणे अवघड आहे. भाद्रपदात तेरडा आणि टाकळा ऐन फुलोऱ्यात असतात, आणि नेमके तेव्हाच गणपतीच्या तोंडावर ‘सफाई’ म्हणून गवत कापणारे यंत्र फिरते. त्यात बी धरण्याआधीच रोपे जातात, पानांवरच्या अळ्याही जातात. (टाकळ्याची भाजी आवडीने खाणारेही त्याला रानगवत म्हणतात, हे विशेष!) कापणी नोव्हेंबरअखेरीस व्हावी, असे ठेक्याच्या अटींतच लिहिले पाहिजे, कारण मुकादमाला तोंडी सांगून काही होत नाही.

प्रतिसाद 1 (पुन्हा)
तोवर गवत वाळते, आणि जळती विडी टाकणारे आपल्याकडे कमी नाहीत. कडेची हातभर पट्टी ऑक्टोबरातच कापणार असाल, तर मी विरोध मागे घेईन. वळणावर मात्र गुडघ्यापेक्षा उंच काहीही नको, समोरून येणारी दुचाकी दिसलीच पाहिजे.