स्टीलहेडसाठी कोहोची गाबोळी मुरवायची आहे – सल्ला हवा (बजेट ३० डॉलर)

सरेकर: नमस्कार मंडळी. वेडर नदीत काल हॅचरीची (मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली) कोहो सॅमन मादी मिळाली. गाबोळीची जोडी न फुटता निघाली, कागदी टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली आहे. जानेवारीत स्टीलहेडला (समुद्रातून नदीत येणाऱ्या ट्राउटला) आमिष म्हणून वापरायची आहे. तयार क्युअर (मुरवायची पावडर) घ्यावं की घरी मिश्रण करावं? कोहोचे दाणे लहान, चालतात का? बजेट ३० कॅनडियन डॉलर, हातमोजे-पिशव्या धरून. व्हॅक्यूम मशीन नाही आणि घेणार नाही.

फ्रीझरभाऊ: आधी व्हॅक्यूम मशीन घ्या. दीडशेपर्यंत चांगलं येतं. हवा राहिली की गाबोळी वाळते, कडांना पांढरी पडते, मग कितीही महागाचं क्युअर लावा.

पोर्टलंडची_मावशी: भाऊ, ते ३० म्हणतायत.
सरेकर, आधी रक्ताचं बघा. मासा काढल्याकाढल्या कल्ले कापून रक्त जाऊ दिलं होतं का? नसेल तर शिरा काळ्या दिसतील. बारीक कात्रीने टोचा आणि चमच्याच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे हलकेच दाबत रक्त बाहेर काढा. राहिलेलं रक्त आधी कुजतं, मग सगळ्या बरणीला वास. आणि नळाखाली धुऊ नका. दाणा पाणी पितो, कडक होतो, क्युअर आत जात नाही. नुसतं टिपून घ्या.

तिरफळ_आमटी: एवढी ताजी गाबोळी माशांना?? हळद-तिखट-मीठ लावा, रव्यात घोळवून तळा, नदी गेली उडत.

सिएटलचा_बाप्पा: मावशींना +१, धुवायची नाही.
तयार क्युअर घ्या, पॉट्झकीचं किंवा प्रो-क्युअरचं. एक बरणी तुमच्या बजेटात बसते. जोडी पुस्तकासारखी मधून उघडा, म्हणजे आतल्या घड्यांपर्यंत पावडर पोचते. अर्धा किलोला ३ मोठे चमचे, तेही दोनदा भुरभुरून. झिप पिशवीत घालून हवा काढा. तासाभरात इतका रस सुटेल की बिघडलं असं वाटेल. तो रस ओतून टाकू नका! दाणे तो परत शोषून फुगतात, रंग आणि मीठ त्याच वाटेने आत जातं. दर दोन-तीन तासांनी पिशवी उलटा, २४ तास फ्रिजमध्ये. मग जाळीवर चिकटसर होईपर्यंत सुकवा. हातमोजे घाला, नाहीतर बोटं आठवडाभर गुलाबी.

टाकणखार_जिंदाबाद: तयार बरणीत निम्मे पैसे रंगाचे. घरचं प्रमाण घ्या: टाकणखार (बोरॅक्स) २ वाट्या, साखर १ वाटी, आयोडीन नसलेलं मीठ अर्धी वाटी. टाकणखार किराणा दुकानात कपडे धुण्याच्या साबणापाशी मिळतो. दाण्यांचं कवच चिवट होतं, गळावर टिकतं. गढूळ पाण्यात रंग लागतो हे मान्य, पण निवळ पाण्यात नैसर्गिक नारिंगीच बरा.

सिएटलचा_बाप्पा: नुसत्या टाकणखाराने दाणा दूध (दुधासारखा रस) सोडत नाही. ग्लासभर थंड पाण्यात तुकडा टाकून बघा, ढग दिसला पाहिजे. त्याला सोडियम सल्फाईट लागतं.

टाकणखार_जिंदाबाद: ते दूध चिनूक सॅमनला हवं. स्टीलहेडला कमी पुरतं. सल्फाईट जास्त झालं की दाणे जळून मनुक्यासारखे आक्रसतात, हे कोण सांगणार?

कोलंबियाकाठ: सल्फाईटचा विषय निघालाच आहे म्हणून. ओरेगनमधल्या अभ्यासात दिसलं की सल्फाईटवाली गाबोळी खाऊन सॅमन आणि स्टीलहेडची पिल्लं मरू शकतात. उरलेलं आमिष नदीत फेकू नका. आणि वॉशिंग्टनच्या किनाऱ्याकडच्या कित्येक स्टीलहेड नद्यांत आमिषाला मनाई असते. निघण्याआधी त्या त्या नदीचे चालू नियम वाचा.

तिरफळ_आमटी: मग मुरवलेली उरली तर तळायची का?

पोर्टलंडची_मावशी: अजिबात नाही! टाकणखार, सल्फाईट, रंग, पोटात जायचं काही नाही त्यात. बरणीवर ठळक "आमिष" लिहा आणि जेवणाच्या डब्यांपासून लांब ठेवा.
कोहोचे लहान दाणे स्टीलहेडला उत्तम चालतात. निवळ पाण्यात अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, गढूळ असेल तर त्याच्या दुप्पट. तुकडा कापताना प्रत्येकाला दाणे धरून ठेवणारा थोडा पडदा राहू द्या. २ नंबरच्या गळाला एग-लूप गाठ (दांडीवर आमिष धरणारा फासा राहतो ती) मारा आणि फासा पडद्यावर आवळा. नुसत्या दाण्यांवर आवळला तर पहिल्याच फेकीत आमिष एकीकडे, गळ एकीकडे.

फ्रीझरभाऊ: परत सांगतो, मशीन. न मुरवता फ्रीझरमध्ये टाकली तर बर्फाने कवच फुटतं, वितळल्यावर लापशी.

सरेकर: सगळ्यांचे आभार. रक्त चमच्याने काढलं, बरंच निघालं. ठरवलंय असं: एका अर्ध्याचे तुकडे करून नुसत्या टाकणखारात घोळवतो. साखर नाही, मीठ नाही, रंग नाही, सल्फाईट तर नाहीच. खर्च ११ डॉलर. दुसरं अर्धं आईने मागून घेतलं, रवा काढलाय.

सिएटलचा_बाप्पा: मासे हुंगून परत जातील.

टाकणखार_जिंदाबाद: साखर तरी घाला हो, दाणा मऊ राहतो.

पोर्टलंडची_मावशी: नुसता टाकणखार असेल तर घोळवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी ओलसर दिसेल तिथे परत भुरभुरा. मशीन नसलं तरी चालतं. एका दिवसाला पुरेल एवढ्या छोट्या बरण्या घ्या, वर मोकळी जागा कमीत कमी ठेवा, मधल्या फटी टाकणखारानेच भरा. आदल्या रात्री फ्रिजमध्ये वितळू द्या, मायक्रोवेव्हला हात लावू नका.