बातम्या दोनदा वाचल्या होत्या
वर कुणीतरी विचारलंय की बीबीसीच्या पहिल्या संध्याकाळी नेमकं काय ऐकू आलं. १४ नोव्हेंबर १९२२, लंडनचं मार्कोनी हाउस. सहा वाजता आर्थर बरोज यांनी बातम्या वाचल्या, त्यात बिलियर्ड्सचे स्कोअरसुद्धा होते. मला सगळ्यात भावतं ते हे, की तेच बातमीपत्र त्यांनी दोनदा वाचलं, आधी भरभर, मग सावकाश, आणि कुठलं बरं वाटलं ते श्रोत्यांनाच विचारलं. ऐकणाऱ्याची केवढी ही कदर! तेव्हा बऱ्याच जणांकडे क्रिस्टल सेट, म्हणजे स्फटिकाच्या खड्यावर चालणारा साधा रेडिओ असायचा. कानाला हेडफोन लावून बारीक तारेचं टोक खड्यावर हलकेच सरकवत आवाज शोधायचा. टेबलाला जरा धक्का लागला की आवाज गेला, पुन्हा खडा चाचपा. अशा वेळी दुसरं, सावकाश वाचन कितीजणांना पावलं असेल!