कोश, कोशेटा की कोसा? – पॉलिफेमस पतंगासाठी शब्द हवेत

मी मॅसॅच्युसेट्सला राहते. परवा अंगणातला पाला ओढताना ओकखाली लहान लिंबाएवढा, लांबट, वाळक्या पानात गुंडाळलेला कोश सापडला. पॉलिफेमस मॉथचा आहे. लेकीसाठी मराठीत टिपण लिहायला बसले आणि शब्दांवरच अडले. ‘पतंग’ म्हटलं की ती आभाळाकडे बघते. अळीला ‘सुरवंट’ लिहिलं, तर आई म्हणाली, सुरवंट म्हणजे केसाळ, अंगाला लागला की खाज सुटते तो. ही अळी तर हिरवीगार, बोटाएवढी जाड. आणि कोश म्हणू की कोशेटा?

– ताई, मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीचा. आमच्याकडे याला सरळ ‘कोसा’ म्हणतात, त्याच्या कापडालाही कोसाच. ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळायचं काम इथे ढीवर समाज करत आला आहे. आमचा किडा अँथेरिया मायलिटा, तुमचा अँथेरिया पॉलिफेमस. प्रजाती (genus) एक, जात (species) वेगळी. म्हणजे हा शब्द तुमच्या कोशाला हक्काने लागतो. फरक देठाचा. आमची अळी आधी फांदीभोवती रेशमाची कडी करते, त्या कडीपासून चिवट देठ निघतो आणि त्याला कोसा लोंबतो, पानं गळाली तरी पडत नाही. तुमचा पानासकट खाली आला, म्हणजे त्याला असा देठ नसणार. ‘अळी’च लिहा, आईचं बरोबर आहे.

– ‘पतंग’ सोडू नका. गीतेच्या अकराव्या अध्यायात पेटत्या आगीत झेपावतात ते पतंगच. मागच्या पंखांवरच्या मोठ्या ठिपक्यांना ‘डोळे’ म्हणा, मोरपिसावर असतो तसा डोळा. ग्रीक कथेतल्या पॉलिफेमस या एकाक्ष राक्षसाचं नाव या पतंगाला त्या डोळ्यांवरूनच पडलं. तुमच्याच राज्यात, मेडफर्डला, १८६०च्या दशकात एत्येन लेओपोल्ड ट्रुवेलो यांनी रेशमासाठी हे पतंग पाळले होते. अळी ५६ दिवसांत जन्मवेळच्या वजनाच्या ८६,००० पट पाला खाते, असा त्यांचा हिशेब होता. पुढे त्यांनी युरोपातून आणलेली दुसरीच जात निसटली आणि तिथली जंगलं ओरबाडत सुटली. तिच्या इंग्रजी नावात रोमा लोकांसाठीचा हिणकस शब्द होता. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने तो काढून अंड्यांच्या स्पंजासारख्या पुंजक्यावरून नवं नाव दिलं. त्यामुळे नाव ठरवताना तुम्ही एवढा विचार करताय, ते मला फार आवडलं.

– कोसाच लिहिते. पण तो ‘फुटतो’ म्हणायचं का?

– फोडत नाही हो तो. तोंडाशी पाझरणाऱ्या द्रवाने रेशमाचा डिंक भिजवून सैल करतो आणि धागे बाजूला सारत बाहेर येतो. ‘कोशातून निघतो’ म्हणा. कोसा घरातल्या उबेत ठेवू नका, वेळेआधी निघेल. आणि लेकीला साखरपाणी ठेवू देऊ नका. या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं, आयुष्य आठवडाभराचंही नाही.

– बाहेरच्या ओट्यावर सावलीत जाळीच्या डब्यात ठेवलाय. आज लेकीने हलक्या हाताने उचलून पाहिला, चांगला जड लागतो म्हणाली.