नोकरी बदलली, ४०१के ची लिमिट परत शून्यापासून?

जर्सीकर_७
मंडळी, जुलैमध्ये नोकरी बदलली. जुन्या कंपनीत २०२५ चे १४,००० डॉलर पगारातून ४०१के (अमेरिकेतलं कंपनीमार्फतचं निवृत्तीचं खातं) मध्ये गेलेत, वर कंपनीने स्वतःचे ५,००० घातले (मॅच). आता नव्या कंपनीचं पोर्टल मला वर्षाच्या लिमिटचे अख्खे २३,५०० भरायला देतंय, जणू यंदा मी दमडीही टाकली नाही. टीममधला एक जण छातीठोक सांगतो की लिमिट दर कंपनीला वेगळी असते. खरंय का? बायकोही नोकरी करते, तिचं पण यात धरतात का?

आकडेमोड
टीममेटचं ऐकू नका. २०२५ ची २३,५०० ही लिमिट माणसामागे आहे, कंपनीमागे नाही, ट्रॅडिशनल (टॅक्स पैसे काढताना) आणि रॉथ (टॅक्स आधीच भरून) दोन्ही मिळून. म्हणजे तुमचे ९,५०० उरले. पोर्टलला जुनं काही दिसतच नाही हो, ते बिचारं फक्त स्वतःच्या प्लॅनपुरतं थांबवतं. मॅच यात येत नाही, त्याला वेगळी एकूण मर्यादा आहे (२०२५ ला तुमचे + कंपनीचे मिळून ७०,०००, आणि ती मात्र दर कंपनीच्या प्लॅनला वेगळी). बायकोची लिमिट पूर्ण तिची.

मीनल_टेक्सास
नव्या एचआरला ईमेल करून जुना आकडा कळवा, बऱ्याच ठिकाणी पेरोलवाले तो टाकून घेतात आणि लिमिट आली की कपात आपोआप बंद होते. जास्त गेलेच तर दोन्ही डब्ल्यू-२ (कंपनी वर्षाअखेर देते तो पगार-टॅक्सचा फॉर्म) च्या बॉक्स १२ मधले डी कोडसमोरचे आकडे (रॉथ असेल तर एए) जोडून बघा, आणि जादाचे पैसे पुढच्या १५ एप्रिलच्या आत प्लॅनकडून परत मागा, त्यावर झालेल्या कमाईसकट. टॅक्स रिटर्नला एक्स्टेंशन घेतलं तरी ही तारीख पुढे जात नाही, आणि चुकली तर त्याच पैशावर दोनदा टॅक्स, एकदा आत्ता आणि एकदा रिटायर झाल्यावर काढताना.

काका_५०प्लस
३१ डिसेंबरपर्यंत पन्नाशी गाठत असाल तर २०२५ साठी वर ७,५०० कॅच-अप (वयामुळे जादा भरायची मुभा) आहे. ६० ते ६३ वाल्यांना २०२५ पासून त्याऐवजी ११,२५०, प्लॅनने दिलं तर. २०२६ साठी मूळ लिमिट २४,५०० आहे.

जर्सीकर_७
पन्नाशीला वेळ आहे काका 😄 पण इथे डॉलर टाकता येत नाहीत, टक्केच मागतंय.

आकडेमोड
मग ९,५०० ला उरलेल्या ग्रॉस पगाराने भागा. समजा १० पेचेक उरलेत आणि एक ५,००० चा, तर १९ टक्के. बोनस येणार असेल तर आधी विचारा त्यातूनही कापतात का, बऱ्याच प्लॅनमध्ये कापतात आणि तिथेच हिशोब बोंबलतो. आणि घाईघाईत पहिल्या तीन-चार पेचेकमध्येच सगळं भरू नका, मॅच दर पेचेकला मिळत असेल तर तुमची कपात थांबली की मॅचही थांबतं. वर्षाखेरीस ट्रू-अप देणारी (राहून गेलेलं मॅच भरून देणारी) कंपनी असेल तर प्रश्न नाही, ते प्लॅनच्या कागदात लिहिलेलं असतं.