गोविंदभाईंच्या गौरवात 1978 का गाळतात?

बालाघाटकर
17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या व्याख्यानात वक्त्यानं निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांना 'आयुष्यभर नागरी हक्कांसाठी अहिंसेनं लढलेले' म्हटलं. निजामाविरुद्धचा 1938 चा सत्याग्रह आला, खादी आली, सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था आली. विद्यापीठाचं नामांतर मात्र आलंच नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या वजनदार माणसांत गोविंदभाई होते, 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंतराव भालेराव होते. इकडे गावोगाव दलित वस्त्या पेटल्या, दलित समाजातल्या पोचिराम कांबळेंचा खून झाला. काडी लावणारे वेगळे होते, मान्य. पण एवढी मोठी माणसं विरोधात आहेत म्हटल्यावर त्यांना चेव चढणारच. मग हक्क नेमके कुणाचे?

फळ्यावरचा खडू
हे जोडणं अन्यायाचं आहे. ठरावाला विरोध करणं हा गुन्हा होता का? निजामाच्या राज्यात मराठी शाळांची काय दैना होती ते माहीत असलेली ही पिढी. 1958 ला विद्यापीठ मिळालं, त्यावर 'मराठवाडा' लिहिलेलं होतं, ते पुसू नये एवढंच म्हणणं. 1994 ला नामविस्तार होऊन 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झालं तेव्हा तो शब्द राहिलाच की.

सरहद्द
दोघंही 'अहिंसा' गृहीत धरताय. 1947-48 ला हैदराबाद स्टेट काँग्रेसचे निजामाच्या राज्याच्या सरहद्दीवर कॅम्प होते, तिथं बंदुका होत्या. गोविंदभाई त्या लढ्याच्या नेतृत्वातच होते. निजामाच्या बाजूचे हत्यारबंद रझाकार दारात असताना दुसरं काय करणार? पण मग त्यांना गांधीवादी संत तरी करू नका.

गोदाकाठ, नांदेड
खडू सर, तुम्ही अस्मिता सांगायलात. घर जळालं त्याला अस्मिता नसती का? आणि 'तो काळच तसा होता' हे तर बोलूच नका. एसेम जोशी, बापू काळदाते हे समाजवादी नेते त्याच काळातले, तेही सत्याग्रहीच, ते नामांतराच्या बाजूनं उभे राहिले. आता अहिंसाच मोजायची तर नामांतरासाठी नागपूरहून निघालेला 1979 चा लाँग मार्च मोजा. कार्यकर्ते जेलात गेले, लाठ्या खाल्ल्या. 1993 ला आमच्या नांदेडात गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं, तेव्हा कुठं पुढच्या 14 जानेवारीला पाटी बदलली. सोळा वर्षं! व्याख्यानात ह्यांच्यासाठी दोन मिनिटं नाहीत?

फळ्यावरचा खडू
दोन मिनिटं काय, वेगळं व्याख्यान ठेवा, मी येईन. पण मराठवाड्याच्या विकासाच्या अनुशेषासाठी म्हातारपणीही भांडत राहिलेला माणूस एका भूमिकेवरून मोडीत काढायचा, हे मला पटत नाही.

बालाघाटकर
मोडीत कोण काढतंय? सत्याग्रह सांगा, कॅम्प सांगा, अनुशेष सांगा, त्याच दमात 1978 पण सांगा. आणि वेगळं व्याख्यान नको. त्याच मंचावर, 17 सप्टेंबरलाच.

गोदाकाठ, नांदेड
वेगळं ठेवलं की ऐकायला आम्हीच असतो, सर.